बालपणीच्या आघातातून सावरणाऱ्या मुलांवर कादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किशोरवयीन वाचकांसाठी मराठीत लिहिणारे, लिहू पाहणारे आणि अशी हस्तलिखितं तपासणारे लोक आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या कथा मुंबईत घडतात, म्हणून उदाहरणंही इथलीच घेतली आहेत. कायद्याची माहिती कथा बरोबर उतरावी एवढ्यापुरती आहे. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर वकिलाला विचारा.

१. नायिका पंधरा वर्षांची आहे. म्हणजे ती किशोर कादंबरी झालीच ना?

नाही. नायिकेच्या वयापेक्षा महत्त्वाचं आहे ते सांगणारी कुठे उभी आहे हे. मोठ्यांच्या कादंबरीत चाळिशीतली बाई पंधराव्या वर्षाकडे वळून बघते, पुढे काय झालं ते तिला ठाऊक असतं. किशोर कादंबरीतली मुलगी अजून त्यातच आहे. उद्या सातला क्लास आहे, तो माणूस त्याच मजल्यावर राहतो आणि आईला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. 'तेव्हा मला कळलं नव्हतं की…' अशी वाक्यं तिच्या तोंडी पाचदहा वेळा आली, तर तुम्ही नकळत मोठ्यांची कादंबरी लिहीत आहात.

वाचक साधारण तेरा ते अठरा वर्षांचा. लांबी २५ ते ४० हजार शब्द पुरते. सावरणं हा विषय असेल, तर हस्तलिखित हातात आल्यावर आम्ही आधी एकच गोष्ट मोजतो: घटना संपल्यावर किती पानं उरतात. दोनतृतीयांशापेक्षा कमी उरत असतील, तर ती कादंबरी घटनेची झाली.

२. आघात म्हणजे लैंगिक अत्याचारच का? दुसरं काही लिहिलं तर चालेल?

चालेल, आणि ते लिहिलं जायला हवं. दारू पिऊन आईला मारणारा बाप, पोराला लहानपणीच कामाला जुंपणं, झोपडपट्टी पाडताना डोळ्यांदेखत घर जाणं, कोविडमध्ये आठवडाभरात आई आणि आजी दोघी जाणं, वसतिगृहातली मारहाण: हे सगळं आघातच आहे. मुंबईची स्वतःची यादीही आहे. १९९२-९३च्या दंगली, २६ जुलै २००५चा पूर (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर), ११ जुलै २००६चे लोकलमधले स्फोट, २६ नोव्हेंबर २००८.

एकाच भयंकर दिवसाचा आघात आणि वर्षानुवर्षं घरात मुरलेला आघात यांत फरक करा. पुरात अडकलेल्या मुलाला पावसाची भीती बसते, पण माणसांवरचा विश्वास शाबूत राहू शकतो. रोज मार खाणाऱ्या मुलाला मात्र बापाच्या किल्लीचा आवाज ऐकून आज तो किती प्यायला आहे हे ओळखता येतं, आणि ही सावधगिरी शाळेत, मैत्रीत, सगळीकडे त्याच्याबरोबर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत या दुसऱ्या प्रकारासाठी वेगळं निदानही आहे. ती यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली.

कथा खऱ्या दुर्घटनेला जोडणार असाल, तर सनावळी कागदावर मांडा. २६ जुलैला आठ वर्षांचा असलेला मुलगा सतरा वर्षांचा होतो तो २०१४ साली. त्याच्या हातात कोणता फोन आहे, मेट्रो कुठपर्यंत सुरू झाली आहे, हे त्यावरून ठरतं.

३. घटना पानावर किती दाखवायची? काहीच दाखवलं नाही तर वाचकाला कळणार कसं?

वाचकाला कळण्यासाठी फार कमी लागतं. ही तीन वाक्यं बघा:

'पंखा दर तिसऱ्या फेरीला कट् करायचा. मी कट् मोजत होते. एकशे बारा झाले तेव्हा बाहेरून आईने कडी वाजवली.'

यात काय झालं ते कुठेही नाही, तरी तेरा वर्षांच्या वाचकालाही समजतं. वय, शरीर, कपडे, स्पर्श यांचं वर्णन नको, आणि त्याची तीन कारणं आहेत. ज्या मुलावर हे बेतलं आहे ते तुमचं पुस्तक वाचत असेल, तर वर्णन त्याला पुन्हा त्या खोलीत नेतं आणि तो पुस्तक मिटतो. ज्याला असल्या वर्णनात रस आहे, अशा माणसाच्या हातीही पुस्तक पडू शकतं. आणि तिसरं, आघाताची आठवण सहसा अशीच तुटक राहते: पंख्याचा आवाज, भिंतीवरचं कॅलेंडर, तेलाचा वास. सलग गोष्ट क्वचितच राहते. म्हणजे इथे संयम पाळल्याने लिखाण उलट अधिक खरं होतं.

मारहाणीच्या प्रसंगालाही हेच लागू. पट्टा कितीदा बसला यापेक्षा धाकट्या बहिणीने टीव्हीचा आवाज का वाढवला, हे लिहा. पूर, आग, अपघात थोडं अधिक उघड दाखवता येतात, पण प्रेतांची वर्णनं तिथेही टाळा.

घाई होते ती पहिल्या खर्ड्यात. पहिल्या खर्ड्यात हवं ते लिहून मोकळे व्हा. दुसऱ्या खर्ड्यात त्या प्रसंगातलं प्रत्येक वाक्य वाचून विचारा: हे मुलीला काय वाटलं ते सांगतं, की तिला कोणी काय केलं ते? दुसऱ्या प्रकारची वाक्यं काढा. पाच पानांचं सहसा एक पान होतं.

४. घटना शेवटपर्यंत लपवून ठेवली तर उत्सुकता राहते. तसं करू का?

शक्यतो नको. मुलीचं दुःख कोड्यासारखं वापरलं की वाचक तिच्याबरोबर राहत नाही, तिच्यावर नजर ठेवतो. पहिल्या पाचव्या हिश्शात वाचकाला अंदाज यावा आणि मध्यापर्यंत खात्री व्हावी. उत्सुकता दुसऱ्या गोष्टीत ठेवा: ती कोणाला सांगेल, आणि सांगितल्यावर ते माणूस काय करेल?

अपवाद एकच. सांगणाऱ्यालाच नीट आठवत नसेल, तर त्याच्या वेगाने उलगडू द्या. पण मग त्याला आठवत असलेलं तुम्ही वाचकापासून चोरायचं नाही.

५. 'ती खूप दुःखी होती' असं न लिहिता त्रास दाखवायचा कसा?

शरीरातून, वेळापत्रकातून आणि रस्त्यांतून.

मानसोपचाराच्या पुस्तकांत आघातानंतरच्या लक्षणांचे चार गट सांगतात: नको असताना आठवण अंगावर येणं, त्या आठवणीकडे नेणाऱ्या गोष्टी टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचं मत काळवंडणं, आणि सतत दक्ष, दचकत राहणं. हे महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर डॉक्टर आघातोत्तर तणाव विकाराच्या (पीटीएसडी) निदानाचा विचार करतात. म्हणून घटनेनंतर चौथ्याच दिवशी तुमच्या कथेतल्या डॉक्टरांनी त्या निदानाचं नाव घेतलं, तर ते चूक आहे.

मुंबईच्या मुलीत हे कसं दिसेल? जुन्या लिफ्टचं जाळीचं दार ओढल्याचा आवाज आला की ती तीन मजले चढून जाते. दादरला गाडी सोपी पडत असूनही माटुंग्याला उतरून चालत येते, कारण पुलाखालच्या दुकानातून एका विशिष्ट अत्तराचा वास येतो. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे ओळीने झोपतात, त्यात तिला भिंतीकडेची जागा हवी असते आणि त्यावरून भावाशी रोज भांडण होतं. दर सोमवारी पोटात दुखतं, सोनोग्राफीत काही निघत नाही. आठवीत ८२ टक्के, नववीत ५४, आणि घरच्यांना वाटतं मोबाइलमुळे.

यातली दोन किंवा तीन लक्षणं निवडा आणि ती कादंबरीभर बदलत न्या. सगळी एकाच मुलीला दिलीत तर ती माणूस न राहता तक्ता होते. ती रोज उदास असते असंही नाही: वडापावसाठी भांडते, रीलवर हसते, क्रिकेटवर पैज लावते. वाचकाला ती आवडते ती त्या क्षणांमुळे.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे सिनेमासारखी आठवण: तिरक्या अक्षरांत अख्खा प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तसं नका करू. एक वास, एक रंग, छातीत धडधड, आणि पुढच्या ओळीत शिक्षिकेचा प्रश्न: 'कुठे लक्ष आहे तुझं?'

६. 'ओरडली का नाही, पळाली का नाही' असं वाचक विचारतील. उत्तर कथेत द्यायचं का?

द्या, पण व्याख्यान नको. धोक्यात शरीर लढतं किंवा पळतं, तसंच ते गोठतंही; आवाज फुटत नाही, हातपाय उचलत नाहीत. काही मुलं समोरच्याला खूश ठेवून निभावतात आणि पुढे त्याचीच सगळ्यात जास्त लाज बाळगतात. हे कोणा मोठ्या माणसाने एकदा साध्या शब्दांत सांगावं: 'तू गोठलीस. ते तू ठरवलं नव्हतंस, तुझ्या शरीराने ठरवलं.' बऱ्याच वाचकांना पुस्तकातून हेच एक वाक्य हवं असतं.

७. सावरणं म्हणजे कथेत घडतं काय? घटना तर सुरुवातीलाच झाली.

इथेच बहुतेक हस्तलिखितं सैल पडतात. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ साली मांडलेली तीन टप्प्यांची मांडणी लेखकांना फार उपयोगी पडते: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, असं त्यांनीच म्हटलं आहे.

तीस प्रकरणांची कादंबरी धरा. पहिली दहा सुरक्षिततेची. यात मोठं काही घडावं लागत नाही. खोलीला आतून कडी बसते. क्लासची वेळ बदलून घेतली जाते. मामाकडे राहायला जायचं की नाही यावरून घरात रणकंदन होतं. पुढची दहा बोलण्याची: ती एका माणसाला सांगते, ते चुकीचं निघतं, मग दुसऱ्याला सांगते. याच भागात शोक येतो, आणि तो बहुधा हरवलेल्या वर्षांचा असतो: 'सहावीची सहल मला आठवतच नाही.' शेवटच्या दहांत ती काहीतरी परत मिळवते. पोहणं, नाटकाचा ग्रुप, एकटीने चर्चगेटपर्यंतचा प्रवास.

विसाव्याच्या आसपास घसरण येऊ द्या, आणि तिला ठोस कारण असू द्या. आपल्याकडे कारणं शोधावी लागत नाहीत. गणपतीला गावी गेल्यावर तोच काका आरतीला शेजारी उभा असतो आणि आजी म्हणते, 'पाया पड.' पुराच्या कथेत जुलैत भरतीची बातमी येते. खटल्याच्या कथेत तारीख पडते. घसरणीनंतर ती पुन्हा पहिल्या पायरीवर जात नाही: या वेळी ती पाया पडत नाही, किंवा पडते आणि रात्री आईला सांगते. वाचकाला सावरणं दिसतं ते या फरकातून.

८. समुपदेशनाचे प्रसंग खोटे वाटतात. काय चुकतं?

समुपदेशक पहिल्याच भेटीत 'मला सगळं सांग' म्हणते, मुलगी रडते, मोकळी होते. तसं होत नाही. आघातावर केंद्रित असलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धत मुलांसाठी बरीच वापरली जाते आणि ती साधारण आठ ते पंचवीस भेटींची असते. सुरुवातीला श्वास, झोप, भावनांना नावं देणं हे शिकवतात. घटनेबद्दल बोलणं बऱ्याच भेटींनंतर येतं. आईवडिलांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या वेगळ्या भेटी होतात, आणि कथेसाठी त्या खजिना आहेत.

पहिल्या भेटीत समुपदेशकाने एक गोष्ट सांगायलाच हवी: तू बोलशील ते इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर अत्याचार होत असेल, तर मला इतरांना सांगावं लागेल. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊन अठराखालच्या मुलीवरचा लैंगिक अत्याचार लपवणारी समुपदेशक कायदा मोडते (प्रश्न १३ पाहा).

माणसांची गल्लत नको. गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, ते वैद्यकीय डॉक्टर असतात. चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ चाचण्या आणि उपचारभेटी घेतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. शाळेतली समुपदेशक या दोन्हींपैकी असेलच असं नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बरं वाटलं असं लिहू नका.

कुटुंब साधं असेल, तर ते परळच्या केईएम, मुंबई सेंट्रलच्या नायर किंवा सायनच्या रुग्णालयात जाईल. तिथला प्रसंग खाजगी दवाखान्यासारखा नसतो: केसपेपरची रांग, बाकावर दोन तास, आत आणखी दोन डॉक्टर बसलेले. शिकाऊ निवासी डॉक्टर बदलतात आणि नव्याला सगळं पुन्हा सांगायची वेळ येते. तेवढ्या एका गोष्टीवर उत्तम प्रकरण होऊ शकतं.

९. मुलगी आईला सांगते तो प्रसंग जमत नाही. फार नाटकी होतो.

आधी जागा ठरवा. चाळीत किंवा झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतल्या घरात एकांत मिळत नाही, आणि प्रसंग खरा होतो तो त्यामुळेच. गच्चीवर टाकीच्या मागे, रेशनच्या रांगेत, लेडीज डब्याच्या दारात, नळाला पाणी यायच्या आधी पहाटे चारला. कुकरची शिट्टी झाली की बोलणं थांबतं. हेल्पलाइनला फोन करायलाही मुलीला घराबाहेर पडावं लागतं.

मग सांगणं अर्धवट ठेवा. मुलं क्वचितच एका दमात सांगतात. आधी चाचपून बघतात: 'आपण दुसरीकडे राहायला गेलो तर?' आईने 'वेडी आहेस का' म्हटलं की महिना जातो. कधी सांगून नंतर मागे घेतात: 'मी खोटं बोलले.' मागे घेतलं म्हणजे खोटं होतं असं नाही. घरावरचा दबाव बघून मूल माघार घेतं, आणि तुमच्या कथेत एखाद्या पात्राला हे ठाऊक असावं.

आईची पहिली प्रतिक्रिया चुकीची असू शकते. 'कोणाला बोलू नकोस', 'तुझं लग्न व्हायचंय', 'बाबांना कळलं तर खून पडेल'. तिला खलनायिका करू नका. ती त्याच्याच भाड्याच्या खोलीत राहते का, तिचा पगार किती, माहेर उरलं आहे का, हे वाचकाला दाखवा. आणि पुढे कधीतरी तिला दुसरी संधी द्या. आई घेईलच असं नाही. पण कोणीतरी एक मोठं माणूस विश्वास ठेवणारं हवंच, नाहीतर किशोर वाचकाला सांगण्याचं कारणच उरत नाही. ते माणूस आत्या, शाळेतले शिपाईकाका, मैत्रिणीची आजी, कोणीही असू शकतं.

१०. अत्याचार करणारा घरातलाच आहे आणि मुलीला तो आवडतोही. हे लिहिलं तर त्याला माफ केल्यासारखं होईल का?

नाही होणार, उलट हे न लिहिणं खोटं ठरेल. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. त्यानेच सायकल शिकवलेली असते, त्यानेच फी भरलेली असते. मुलीने त्या सायकलची आठवण जपावी आणि त्याचा तिटकाराही करावा. माफ करायचं की नाही हे मुलीचं काम, लेखकाने ते तिच्यावर लादू नये. दिवाळीला घर एकत्र आलं म्हणून माफी मिळाली, हा शेवट आम्ही नेहमी बदलायला सांगतो.

११. नायक मुलगा असेल तर वेगळं काय?

शब्द वेगळे. मुलग्याला 'मर्दासारखा वाग' ऐकवलं जातं, मित्र चिडवतील ही भीती मोठी असते, आणि त्रास रडण्याऐवजी मारामारीतून, गुटख्यातून, शाळा बुडवण्यातून दिसतो. घटना अपवादात्मक मात्र नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून अठराखालच्या मुलांचं संरक्षण करणारा कायदा, मुलगा-मुलगी भेद करत नाही. मराठीत अशा मुलग्यांच्या कादंबऱ्या हव्या आहेत.

१२. तिला प्रेम मिळतं आणि ती बरी होते. हे चालेल?

प्रेम चालेल, औषध म्हणून नको. मित्राने एखादी गोष्ट नीट करावी, म्हणजे हात धरण्याआधी विचारावं आणि 'नको' म्हटल्यावर न रुसता चहा सांगावा. बरं होण्याचं काम तिचं तिने करावं.

एक गुंता इथेच सांगतो. कायद्याने संमतीचं वय १८ आहे. दोघं सतरा वर्षांची असतील आणि दोघांच्या मर्जीने शारीरिक संबंध आला, तरी तो पॉक्सोच्या कक्षेत येतो, आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाला कळलं तर तक्रारीचा प्रश्न उभा राहतो. कथेत तो धागा नको असेल, तर प्रेम हातात हात घेण्यापर्यंतच ठेवा.

१३. पोलीस आणि कोर्टाचा भाग बरोबर कसा लिहू?

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे. कथेला लागणारे टप्पे असे:

अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होणार असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे (कलम १९). न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मुलांना ही शिक्षा नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती सोबतीला आधारव्यक्ती नेमू शकते. ती तपासापासून खटल्यापर्यंत मुलाबरोबर असते, आणि हे पात्र लेखक हमखास विसरतात.

जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टर करते, आई किंवा विश्वासातलं माणूस समोर असतं. घटना लोकलमध्ये किंवा फलाटावर घडली असेल, तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो.

खटला विशेष न्यायालयात, बंद दालनात. मुंबईत ही न्यायालयं फोर्टच्या सत्र न्यायालयात आणि उपनगरांसाठी दिंडोशीतही आहेत. आरोपीचा वकील मुलीवर थेट प्रश्नांचा मारा करू शकत नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि मुलगी आरोपीच्या नजरेसमोर येऊ नये म्हणून पडदा किंवा तशी सोय असते. म्हणजे सिनेमातला तो ओरडणारा वकील आणि खचाखच भरलेलं कोर्ट काढून टाका. साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो. व्यवहारात लांबतो, आणि वाट बघणं हाच सावरण्यातला मोठा अडसर असतो. अत्याचार सोसलेल्या स्त्रिया आणि मुलांना भरपाई देणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ची आहे. नुकसानभरपाईचा अर्ज हा उपकथानकाला उपयोगी पडणारा तपशील आहे.

प्रत्यक्षात हे सगळं दरवेळी पाळलं जातं असं नाही. कथेत नियम मोडला तर मोडू द्या, पण तो मोडला आहे हे एखाद्या पात्राला कळू द्या. नाहीतर वाचक समजेल की असंच असतं.

१४. नायिका आता एकोणीस वर्षांची आहे, घटना नवव्या वर्षी झाली. तक्रार करता येईल? आणि करणाराही सोळा वर्षांचाच असेल तर?

मोठं झाल्यावरही तक्रार करता येते, पॉक्सोखालच्या तक्रारीला मुदतीची अट आड येत नाही. फक्त घटनेची तारीख तपासा. १४ नोव्हेंबर २०१२ आधीच्या घटनेला पॉक्सो लागत नाही, तेव्हाचा दंडसंहितेचा कायदा लागतो. कथा २०२५ची असेल तर घटना २०१५ची होते, म्हणजे पॉक्सो लागू.

करणारा अठराखालचा असेल तर तो बाल न्याय मंडळासमोर जातो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढासारखं चालवायचं का याचं मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. इथे एक कठीण पण खरी कथा दडलेली आहे: ज्याने केलं, त्याच्यावरही कोणीतरी केलं होतं. ती लिहा, पण नायिकेला त्याची कीव करायला लावू नका.

१५. नायक स्वतःला इजा करतो, मरणाचा विचार करतो. लिहावं का?

विचार लिहा. पद्धत, साधन, प्रमाण, जागा यांतलं काहीही नको. मुंबईत तर एखाद्या पुलाचं किंवा फाटकाचं नावही नको. चिठ्ठीचा मजकूर नको. मरणाने कोणाला धडा शिकवला, असं वळण नको. त्याऐवजी कोणाच्या लक्षात आलं, त्याने काय विचारलं आणि ती रात्र कशी गेली हे सविस्तर लिहा. 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?' असं सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, म्हणून हा प्रश्न एखाद्या पात्राच्या तोंडी जरूर घाला.

१६. घरचे दृष्ट काढतात, देवऋष्याकडे नेतात. हे अंधश्रद्धा म्हणून दाखवू?

दृष्ट काढणारी आजी आणि मारझोड करणारा भगत एकाच तराजूत घालू नका. मीठमोहरी ओवाळताना आजीचा हात डोक्यावरून फिरतो, तो काही मुलांसाठी वर्षातला पहिला प्रेमाचा स्पर्श असतो. जिथे उपाय मुलाला दुखावतो किंवा बोलणं बंद करतो, तिथे मात्र ठाम राहा.

१७. कोणते शब्द वापरायचे?

'अब्रू गेली', 'डाग लागला', 'तोंड काळं झालं' हे शब्द पात्रं बोलतील, निवेदनात येऊ देऊ नका. शरीराच्या भागांना मुलीकडे नावंच नसतात ही खरी अडचण आहे. 'तिथे', 'खाली' एवढंच ती म्हणते, आणि समुपदेशक तिला शब्द देते तो छान प्रसंग होतो. मालवणी, आगरी, वऱ्हाडी घरातली मुलगी आईशी एक भाषा बोलेल आणि शाळेत दुसरी. सांगण्याची वेळ आली की ती कोणत्या भाषेकडे वळते, ते ठरवून लिहा.

१८. ओळखीतल्या मुलीची खरी घटना आहे. नाव बदललं की पुरे ना?

पुरत नाही. पॉक्सोचं कलम २३ नावाबरोबरच पत्ता, कुटुंब, शाळा, शेजारपाजार, म्हणजे ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांत उघड करायला मनाई करतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ही त्याच अर्थाचं आहे. मुंबईत एक वाडी, एक शाळा आणि एक साल एवढ्यावरून अख्खी गल्ली माणूस ओळखते. किमान चार गोष्टी बदला: वस्ती, नातं, कुटुंबातल्या माणसांची संख्या आणि वर्ष. मुलगी सज्ञान झाली असेल तर आधी तिला विचारा, आणि नाही म्हणाली तर ती गोष्ट सोडा. अनुभव तुमचा स्वतःचा असेल तरी हीच काळजी घ्या, कारण त्यात तुमची भावंडंही असतात.

१९. हस्तलिखित कोणाला वाचायला द्यावं?

मुलांबरोबर काम करणारी एक समुपदेशक, आणि असा अनुभव असलेले, आता सज्ञान असलेले एक-दोन वाचक. त्यांना मानधन द्या. हे काम मनावर ओझं टाकणारं आहे. त्यांना 'आवडलं का' विचारू नका. 'कुठे थांबावंसं वाटलं?' आणि 'कुठे खोटं वाटलं?' एवढंच विचारा. मग दोन-तीन किशोर वाचक, पालकांच्या परवानगीने, विषय आधी सांगून, मध्येच सोडायची मुभा देऊन. उपचार सुरू असलेल्या मुलाला हस्तलिखित तपासायला देऊ नका.

२०. पुस्तकात सूचना आणि हेल्पलाइन छापायची का? मुलांना आधीच कळून मजा जाते.

छापा. शीर्षकपानामागे दोन ओळी पुरतात: 'या कादंबरीत घरातील हिंसेचे आणि लैंगिक अत्याचाराचे उल्लेख आहेत, प्रकरण ६ आणि १४ अवघड आहेत.' प्रकरणांचे आकडे दिल्याने वाचकाला ती वगळून पुढे जाता येतं. तेवढ्यासाठी त्या प्रकरणांशिवायही कथा समजायला हवी. सगळं मागच्या मुखपृष्ठावर मात्र छापू नका. आई शेजारी बसलेली असताना मुलीला ते पुस्तक हातात धरता आलं पाहिजे.

शेवटच्या पानावर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन (१९९६ साली मुंबईतूनच सुरू झाली), मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६, तातडीसाठी ११२. प्रत्येक आवृत्तीच्या आधी क्रमांक स्वतः फिरवून पाहा.

२१. शाळेत वाचनाच्या कार्यक्रमानंतर एखादं मूल मला येऊन सांगू लागलं तर?

असं होतं, तयारीने जा. कार्यक्रमाआधी शाळेला विचारा की समुपदेशक त्या दिवशी इमारतीत आहे का. नसेल तर दिवस बदला. मूल बोलू लागलं तर दिसेल अशा पण ऐकू न जाणाऱ्या जागी, वऱ्हांड्याच्या टोकाला वगैरे, उभे राहा. ऐका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी यात चूक नाही' एवढं म्हणा. खोदून विचारू नका: कोण आणि आता घरी जायला सुरक्षित आहे का, एवढं पुरे. गुप्ततेचं वचन देऊ नका. कोणाला सांगणार आहात ते मुलालाच आधी सांगा.

मूल अठराखालचं आणि बाब लैंगिक अत्याचाराची असेल, तर कलम १९ तुम्हालाही लागू होतं. शाळेला सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं धरू नका: पोलिसांत कळवलं का याची खात्री करा, नसेल तर स्वतः कळवा, आणि १०९८लाही फोन करा. मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवा. त्या वहीतलं काहीही पुढच्या कादंबरीत येऊ देऊ नका.